फ्रीजची उपकारस्तुती

आमच्या फ्रीजची उपकारस्तुती फ्रीज घरात येण्याआधीच झाली.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत घरात काही नवं आलं, म्हणजे बाळ, सून, सायकल, मिक्सर काहीही, की पाळकसाहेबांना बोलवायचं, मंडळीतली माणसं जमवायची, पेटीवर गीतं म्हणायची, देवाचे आभार मानायचे आणि मग फराळ. याला उपकारस्तुती म्हणतात. (आपली वस्तू चार लोकांना दाखवण्याचा इतका पवित्र मार्ग दुसऱ्या कोणाकडे नसेल!)

आम्ही मूळचे नगरचे. यांना भोपाळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो. भिंतीला भिंत लागून चौबे भाभींचं क्वार्टर. चौबेजी कायम शिफ्टला, मुलं शिकायला बाहेरगावी. त्यांच्याकडे फ्रीज होता, आमच्याकडे नव्हता. त्यामुळे त्यांच्या फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा आमचा. दूध तिथे, लोणी तिथे, पाहुणे आले की बर्फ तिथून. मागच्या अंगणातून चार पावलं गेलं की भाभींचं दार, आणि चार पावलं आलं की आमचं. दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी. भाभी म्हणजे कट्टर शाकाहारी, लसूणसुद्धा मोजून खाणाऱ्या. नाताळात माझा केक त्यांच्या फ्रीजमध्ये जायचा तेव्हा मी तो तीन टॉवेलांत गुंडाळून न्यायची आणि म्हणायची, "भाभी, बिस्किट जैसा कुछ है." भाभी म्हणायच्या, "रख दो."

पण मला या सगळ्याचा वीट आला होता. सारखं काय "भाभी, ज़रा दूध", "भाभी, थोड़ा बरफ"! मी रोज प्रार्थनेत फ्रीज मागायची. हे म्हणायचे, "अगं, आपल्याकडे काय कमी आहे? पोटभर जेवतो, प्रभूने आजवर काही अडू दिलं नाही."

"अडू दिलं नाही कारण भाभी आहेत!" मी म्हणायची. (किती खरं बोलत होते ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही.)

शेवटी एकदाचा फ्रीज ठरला. फिकट हिरवा! आता तो ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरात? छे! तिथे तो बघणार कोण? मी बैठकीतला कोपरा नक्की केला. त्या कोपऱ्यात आमचं लोखंडी कपाट होतं. ते ढकलत ढकलत स्वयंपाकघरात नेलं आणि जागा दिसली तिथे, म्हणजे मागच्या दाराला टेकवून उभं केलं. आता भाभींकडे जायचं झालं की पुढून वळसा.

"मागचं दार बंद झालं की गं," हे म्हणाले.

"होऊ दे. आता काय कामाचं ते?"

त्याच दिवसापासून भाभींचं काहीतरी बिनसलं. पुढच्या दारात दिसल्या तर नुसतं "बधाई हो" म्हणून आत गेल्या. उपकारस्तुतीचं आमंत्रण द्यायला गेले तर म्हणाल्या, "सिर में दर्द रहता है, देखती हूँ." इतक्या वर्षांत त्यांनी मला असं दारातून परत पाठवलं नव्हतं. मला ते लागलं. पण कबूल कोण करतो? मी यांना म्हटलं, "जळतेय! आपल्याला फ्रीज आला ना!"

"जळणारी बाई नाही ती," हे म्हणाले. "दुखावलीय. जाऊन विचार."

मी नाही विचारलं. माझ्याकडे विणकाम होतं! फ्रीजच्या डोक्यावर घालायचा लेसचा रुमाल.

पाळकसाहेबांकडे तीन गावच्या मंडळ्या, त्यामुळे त्यांना सवड शनिवारी दुपारचीच. सहा वाजता त्यांना इंद्रपुरीत एक साखरपुडा लावायचा होता. दुकानदार म्हणाला होता, "बहनजी, शनिवार सुबह दस बजे फ्रिज आपके घर." दहा वाजले, बारा वाजले, फ्रीजचा पत्ता नाही. आणि मी तर फ्रीजच्या भरवशावर पातेलंभर कस्टर्ड करून बसले होते! मे महिना, भोपाळचं ऊन. नाक मुठीत धरून पुन्हा भाभींकडे गेले.

"भाभी, बस आज के लिए..."

भाभींनी पातेलं हातातून घेतलं. "आपका नीचे वाला ख़ाना ख़ाली पड़ा है," एवढंच म्हणाल्या. रागवल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारला मंडळी जमली. वीस-पंचवीस माणसं चटईवर दाटीवाटीने बसली. आणि समोर कोपऱ्यात काय? फ्रीज ठेवायचं लोखंडी स्टँड! त्यावर लेसचा रुमाल, त्यावर मोगऱ्याचा गजरा. नवा कोणी आत आला असता तर त्याला वाटलं असतं की नगरचे ख्रिस्ती लोक स्टँडची पूजा करतात.

"बहिणी, वस्तू कुठे आहे?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"रस्त्यात आहे, साहेब. तुम्ही विश्वासाने सुरू करा."

पाळकसाहेबांनी विश्वासाने सुरू केलं. उपदेशाचा विषय: समाधान. वस्तू येतात, गंजतात, बिघडतात. माणसाने आपलं मन प्रभूवर टांगावं, प्लगवर नाही. सगळ्यांनी एकदा स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग आढाव मास्तर प्रार्थनेला उभे राहिले. आढाव मास्तर म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यांत लांब प्रार्थना करणारे गृहस्थ. त्यांची प्रार्थना आमच्या क्वार्टरपासून निघते, राज्य, देश, शेजारचे देश करत समुद्रापार जाते आणि भाविकांचे पाय आखडले की परत येते. मास्तर आफ्रिकेत पोचले असतील तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

"साब! फिरिज!"

आता प्रार्थनेत डोळे उघडायचे कसे? यांनी डोळे मिटूनच हात हलवला. टेम्पोवाल्याला वाटलं, आत आणा. धपाधप पावलं, "उठा, उठा, टेढ़ा कर, और टेढ़ा!" मग एक जबरदस्त करकर आवाज. मास्तर घाबरून आफ्रिकेतून थेट "आमेन"वर आले. आम्ही डोळे उघडले, तर खोलीत अंधार! दार कुठे गेलं?

दारात खोका होता. लाकडी पट्ट्या ठोकलेला भलामोठा खोका, तिरका घुसून चौकटीत पाचरीसारखा बसलेला. ना आत, ना बाहेर.

आमचे हे कारखान्यात फोरमन. घराएवढाले ट्रान्सफॉर्मर गेटमधून सुखरूप बाहेर काढतात! त्यांना मी म्हटलं, "अहो, माप घेतलं होतं ना?"

"फ्रीजचं घेतलं होतं," हे म्हणाले. "खोक्याचं कोण घेतो?"

"भैया, खोका तोड़ दो!" हे फटीतून ओरडले.

"ना साब! सील टूटी तो गारंटी गई. मैं सेठ को फोन करके आता हूँ." आणि टेम्पोवाला हेल्परला घेऊन निघून गेला!

"मागच्या दाराने जाऊ," पाळकसाहेब म्हणाले.

मागचं दार! हे आणि दोघंजण कपाट हलवायला धावले. कपाट जरा सरकलं, त्याचा एक पाय मोरीत गेला आणि ते आधीपेक्षा जास्त निष्ठेने दारावर रेलून बसलं. खिडक्यांना तर गज. म्हणजे पाळकसाहेबांसकट अख्खी मंडळी माझ्या फ्रीजच्या आणि माझ्या कपाटाच्या मध्ये कैद! पंखा फिरत होता पण हवा नव्हती. पोरं "मम्मी, गरमी लग रही है" करून रडायला लागली. माठातलं पाणी आटलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी. (पण खाली सरकारी फरशी होती, तीही हलेना.)

तेवढ्यात खिडकीशी आवाज आला. "बहनजी? यह क्या कर लिया?"

चौबे भाभी! हातात बर्फाच्या पाण्याची कळशी. गजांतून एकेक पेला आत यायला लागला. मग त्या घरी जाऊन माझं पातेलं घेऊन आल्या आणि स्वतःच्या घरच्या वाट्यांत कस्टर्ड भरून गजांतून देत राहिल्या. थंडगार! त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा, आणि आत आम्ही गार कस्टर्ड खातोय.

आढाव मास्तरांना वाटी संपताच उत्साह आला. "अडकलोच आहोत तर साक्षी होऊन जाऊ द्या. एकेकाने उठून सांगा, प्रभूचे आभार कशासाठी?"

हॉस्पिटलात नर्स असलेल्या मंदाताई उठल्या. "मी आभार मानते की आज मला कोणीही 'सिस्टर, इकडे या' म्हणू शकत नाही. किती महिन्यांनी अशी बसलेय!" मास्तर म्हणाले, "माझे गुडघे दुखतात, पण अजून टेकवता येतात." पाळकसाहेब म्हणाले, "माझ्या उपदेशातून आज पहिल्यांदाच कोणी मध्ये उठून गेलं नाही." सगळे पोट धरून हसले. त्या कोंडवाड्यात, घामाने निथळत, कोणाकडे काही नवं नसताना माणसं एकेक करून आभार मानत होती आणि त्यांचे चेहरे उजळत होते. माझं घर इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग माझी पाळी. मी आठवडाभर साक्ष पाठ केली होती: प्रभूने आम्हांला स्वतःचा फ्रीज दिला, आता कोणापुढे हात पसरायला नको. उभी राहिले. समोर खोका. खिडकीत भाभी, एक वाटी उरलेली, ती मलाच द्यायला हात आत घातलेला. पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं.

"प्रभू," मी म्हटलं, "मी इतकी वर्षं फ्रीज मागत राहिले. तू त्याच्या किती आधी मला ही शेजारीण देऊन ठेवली होतीस. तिचे आभार मानायचं मला एकदाही सुचलं नाही." आणि मी सगळ्यांसमोर रडायलाच लागले. हिंदीत प्रार्थना करायची सवय नव्हती, पण भाभींना कळावं म्हणून पुन्हा हिंदीत म्हटलं. व्याकरणाचे बारा वाजले, पण पोचलं.

भाभी गजाला धरून उभ्या. "आपने पीछे का दरवाज़ा ही बंद कर दिया, बहनजी," त्या म्हणाल्या. "मैं आई थी दही लेकर. धक्का दिया, खुला ही नहीं. सोचा, अब फ्रिज आ रहा है तो मेरी क्या ज़रूरत. दिन भर में एक आप ही तो आती हो." मग डोळे पुसून म्हणाल्या, "अंडे वाला केक तक रखा मैंने. कभी कुछ बोली?"

"आपको पता था?"

"तीन तौलिये में बिस्किट कौन लपेटता है!"

मंडळी इतकी हसली की खोका हलला. साखरपुड्याची आठवण होऊन पाळकसाहेब दाराशी गेले. टेम्पोवाला परत येऊन खोक्याला टेकून बिडी ओढत होता, सेठ दुकानात नव्हता म्हणे.

"भाई, खोका तोड़ो! गारंटी की ज़िम्मेदारी मेरी!"

"आप कौन?"

"पादरी."

"तो ठीक है."

पण त्याच्याकडे हत्यार नव्हतं. पहार आणली भाभींनी, आणि पहिला घावही त्यांनीच घातला. असा घातला की आठवडाभराचा सगळा राग त्यात गेला असावा. पट्ट्या तुटल्या, उजेड आत आला, आणि पाळकसाहेब फ्रीजकडे ढुंकूनही न बघता स्कूटरवर बसून इंद्रपुरीला पळाले.

सगळी पांगल्यावर मी पदर खोचला. "चला, आधी ते कपाट काढा."

"आणि ठेवू कुठे?" हे म्हणाले. "जागा एकच आहे, बैठकीतला कोपरा."

मी स्टँडकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं, रात्रंदिवस विणलेल्या रुमालाकडे पाहिलं. मग म्हटलं, "तिथेच ठेवा."

तेव्हापासून कपाट बैठकीत आणि फ्रीज मागच्या व्हरांड्यात, उघड्या दाराशेजारी. पुढून येणाऱ्या एकाही पाहुण्याला तो आजतागायत दिसलेला नाही. दिसतो फक्त चौबे भाभींना, कारण त्या दिवसातून दहादा त्या दाराने येतात. आणि दर वेळी त्याच्याकडे बघून म्हणतात, "बाकी सब ठीक है बहनजी, पर रंग आपने ग़लत ले लिया."