अंबाडी आंबट लागेना

गुन्हेगार कितीही सावध असला तरी काहीतरी मागे ठेवून जातोच, असे आम्हाला प्रशिक्षणात घनगंभीर आवाजात शिकवले होते. तो मागे राहिलेला पुरावा कुणीतरी चावून बघेल, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हते. नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. उस्मानपुरा पोलीस ठाण्यातला तो एक दिवस तेवढा तासागणिक आठवतो.

दुष्काळाची वर्षे होती. शहर चहूबाजूंनी वाढत होते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होते. ठाण्यात येणारी बहुतेक भांडणे टँकरवरून झालेली असत. अशा दिवसांत मोंढ्याच्या बाजारातल्या एका कृषी सेवा केंद्राचा मालक माझ्यासमोर येऊन बसला. मूळचा सोयगावकडचा. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटांसारखे फाकलेले, पिवळे पडलेले एक पान.

"एक म्हातारी घेऊन आली व्हती, साहेब. म्हणली, अंबाडी पिवळी पडायलीय, औषध द्या."

"मग?"

"म्या सवयीनं कडा चावून पाहिली. अंबाडी खाऊनच मोठा झालो म्या. पण हे आंबटच लागंना! अंबाडी अन् आंबट नाय? मग वास घेतला. साहेब, गांजा हाय हो हा!"

औषध घरपोच पाठवतो म्हणून त्याने बाईंचा पत्ताही घेऊन ठेवला होता. आमच्या खात्यात इतके डोके चालवणारा माणूस क्वचितच येतो, आलाच तर दुकान टाकतो. पान मी पंचांसमक्ष सीलबंद केले. पुडीच्या कागदावर दुकानदाराचा फोन नंबर लिहून तो कागद माझ्या खासगी डायरीत ठेवला. स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना लेखी कळवले आणि एका हवालदाराला साध्या वेशात त्या गल्लीत पाठवले. तो हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिला. दोन दिवसांच्या पाळतीत त्याने किती हंडे घरी नेले, ते अहवालात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी छापा घातला. पंच, महिला शिपाई, झाडे ओळखायला एक कृषी अधिकारी, आणि मोठ्या साहेबांनी आग्रहाने पाठवलेला फोटोग्राफर. पंधरा वर्षांच्या नोकरीत घरात पिकवलेला गांजा मी पाहिला नव्हता.

दार पान घेऊन गेलेल्या काकूंनीच उघडले. वय सत्तरीच्या आसपास, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या कारकून, घरात एकट्या. वॉरंट त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"जावक क्रमांक नाही घातलात," त्या म्हणाल्या. "असो. आज पाण्याचा दिवस आहे, जरा लवकर आटपा."

वरच्या मजल्यावर वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा भाडेकरू झोपला होता. आतल्या खोलीचे दार उघडले आणि आम्ही सगळेच दोन पावले मागे सरलो. भिंतींना चंदेरी कागद, वर झगझगीत दिवे, कोपऱ्यात पंखा, आणि मधोमध चार कुंड्यांत चार झाडे. खालपासून वरपर्यंत पिवळी, मान टाकलेली. शेजारी एक वही. दर पानावर त्याने काय काय उपाय केले ते लिहिलेले आणि खाली एकच शेरा: 'तरी पिवळी.'

कृषी अधिकाऱ्यांनी कुंडीतल्या मातीत बोट खुपसले. "गांजाच आहे. पण पाणी फार झालंय. मुळं कुजली."

भाडेकरू बेड्या पडलेल्या हातांनी पुढे सरकला. "मग काय करायला पाहिजे होतं, सर?"

फोटोग्राफरसुद्धा फोटो काढायचा थांबला.

पाणी का फार झाले, ते काकूंनी जबाबात स्वतःहून सांगितले. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. भाडेकरू कामावर गेला की बिचारी अंबाडी तहानेने पिवळी पडते म्हणून भाज्या धुतलेले पाणी त्या रोज वर नेऊन घालत. संध्याकाळी येऊन तोही घालत असे. शहर घशाला कोरड पडून बसले होते आणि ही चार झाडे पाण्यात बुडून मरत होती.

"काकू, हे लिहून देऊ नका," मी म्हणालो.

"का? खरं आहे ते. लिहा, आणि मला वाचून दाखवा."

तो खरेपणा त्यांच्यावरच उलटला. भाडेकरूने ठाण्यात येताच पवित्रा बदलला. "झाडं काकूंची, मी नुसता सांभाळत होतो," म्हणाला. घर त्यांचे, कुंड्या त्यांच्या, पाणी त्या घालत, औषध आणायलाही त्याच गेल्या. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मोठे साहेब खूश झाले. त्यांनी पाच वाजता पत्रकार बोलावले होते आणि निवेदनात 'वृद्ध महिला सूत्रधार' हे शब्द टाइप करून तयार होते. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, त्यात पत्रकार पाचला येणार, म्हणून ती पाचच्या आत उरकायचा हुकूम आला. तेव्हा साडेतीन वाजले होते.

काकू बाकावर बसून आमच्या आवक रजिस्टरातल्या चुका महिला शिपायाला दाखवत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "परवा त्या अंबाडीची भाजी करणार होते मी. पण त्या मुलानं नको म्हटलं होतं ना."

मी तडक कोठडीकडे गेलो. "काकूंनी त्या पानांची भाजी करून गल्लीत वाटलीय," मी भाडेकरूला सांगितले. खोटे बोललो असे मी म्हणणार नाही. 'करणार होते' याचे 'केली' केले, फक्त काळ बदलला.

तो ताडकन उठला. "अहो, मी सांगितलं होतं त्यांना! अंबाडीवर औषध मारलंय, तोडू नका म्हणून दारावर चिठ्ठी लावली होती!" झाडे अंबाडीची म्हणून काकूंना फसवले होते, हे तो स्वतःच बोलून गेला.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. चिठ्ठी चालते. मी धावतच बाकापाशी आलो. "काकू, दारावरची चिठ्ठी कुठाय?"

"अहो, चांगला पाठकोरा कागद होता. टाकायचा कशाला? पान त्यातच बांधून नेलं दुकानात."

मी खासगी डायरी उघडली. दुकानदाराचा फोन नंबर, माझ्याच अक्षरात. कागद उलटला. निळ्या शाईत, वहीतल्याच वळणाचे अक्षर: 'काकू, अंबाडीला हात लावू नका. औषध मारलंय.' खाली सही आणि तारीखसुद्धा. तीन दिवस मी हा पुरावा काखेत घेऊन फिरत होतो!

हवालदार पंच घेऊन आला. "साब, पंचनामा किसका करना?"

"माझा," मी म्हणालो.

"अरे वा! बहोत दिनां से दिल था."

पाचला पाच कमी असताना ती चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, निवेदनातली एक ओळ जड हाताने खोडली आणि विचारले, "मग सूत्रधार कोण?" मी म्हणालो, "नाही कुणी. एक नवशिका आहे." पत्रकार चहा पिऊन गेले. काकू सहाच्या नळाला घरी पोचल्या.

अक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला, भाडेकरूला शिक्षा झाली, काकूंनी उत्तम साक्ष दिली. या प्रकरणाने मला शिकवले ते असे: निरपराध माणूस आपल्या बचावाचा विचारच करत नाही, तो आपल्याला करावा लागतो, आणि कागद हाती आला की आधी उलटून बघावा.

जप्त झालेल्या चार कुंड्या परत मिळाव्यात म्हणून काकूंनी न्यायालयात रीतसर अर्ज केला होता. मी निवृत्त झालो तेव्हा तो प्रलंबित होता.