ज्ञानूच्या पोटऱ्या

ज्ञानूच्या पोटऱ्या अशा भरदार, की तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बाया थांबून बघायच्या. त्याच्या आईला, साखरबाईला, त्याचा कोण अभिमान! पोरगं तालमीत नाव काढणार, असं ती पाणवठ्यावर जिला तिला ऐकवायची. सगळ्यांत जास्त कौतुक शेजारच्या तुळजाबाईला. तिला मूलबाळ नव्हतं. ज्ञानूला मांडीवर घेऊन ती त्याच्या पोटऱ्या चोळत बसायची. "साखर, हे तर खांबच हायती ग," म्हणायची.

पाचव्या वर्षी ते खांब डगमगायला लागले. ज्ञानू टाचा उचलून चाले, सपाट अंगणात पडे आणि उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकत, शिडी चढल्यासारखा वर येई. साखरबाईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. घरात कुणालाच ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरी, आणि कौतुक कुणी केलं होतं ते साऱ्या आळीला ठाऊक. झालं! तुळजाबाई दिसली की आया पोरं पदराखाली घ्यायला लागल्या. बारशाचं बोलावणं तिला पुन्हा आलं नाही. गावाला अशा कामी साक्षीपुरावा लागतोच कुठं?

अठ्ठावन्न साली साखरबाई ज्ञानूला पाठुंगळी घेऊन शिरूरच्या मिशन दवाखान्यात गेली. अंगातलं मांस झिजवणाऱ्या आजारांवर संशोधन करणारा मुंबईचा एक डॉक्टर तिथं आला होता. त्यानं पोटरीतून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढून भिंगाखाली पाहिला. मग तो ज्ञानूचं सोडून साखरबाईच्या माहेरचंच विचारत बसला. भाऊ होता का?

"हुता. पोरवयातच गेला. पाय गेलं हुतं त्याचं," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

पुढचं तिथल्या दबोरा नर्सनं समजावून सांगितलं. "बाई, ह्या पोटऱ्यांत ताकद नव्हतीच कधी. मांस झिजलं आन् तिथं चरबी भरली. हे आईच्या रक्तातनं लेकाला येतं. लेकीला सहसा काही होत नाही, पण तिच्या पोटच्या पोराला होऊ शकतं. औषध अजून सापडलं नाही. डॉक्टरसाहेब तेच शोधतायत."

साखरबाईची थोरली सोजरा तेव्हा लग्नाला आली होती. भांडगावची सोयरीक जुळत आली होती. खरं सांगावं तर ती मोडते; खापर दृष्टीवर राहिलं तर एकट्या तुळजाबाईचं वाटोळं. साखरबाईनं लेक निवडली आणि तोंडाला कुलूप घातलं. आईच ती, दुसरं काय करणार? पण म्हणून पाप थोडंच धुऊन निघतं!

सोजराचं लग्न झालं. ज्ञानू चौदाव्या वर्षी गेला. त्यानंतर भाकरी थापताना साखरबाईला पाठीमागं टाचा न टेकता चालणारी पावलं ऐकू येऊ लागली. वळून बघायचा तिला धीर होत नसे. तुळजाबाईच्या दारावरून जाताना ती पावलं तिथंच थबकत.

पुढं सोजरा चार वर्षांच्या पोराला घेऊन माहेरपणाला आली. पोरगं ओसरीवर पडलं आणि मांड्यांवर हात टेकून उठलं. लहान पोरं उठतातच अशी, साखरबाईनं मनाशी घोकलं. शिरूरला न्यायचं तर सोजराला सांगावं लागणार. आणि त्या वयातल्या ज्ञानूच्या पोटऱ्या हाताला ठाऊक असलेलं दुसरं माणूस गावात एकच होतं.

भरदुपारी ती नातवाला कडेवर घेऊन तुळजाबाईच्या दारात उभी राहिली. पोर दिसताच तुळजाबाईनं सवयीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"घिऊन जा ग. माझ्याम्होरं नगं आणू."

"तुझी नजर न्हवती, तुळजे. माझंच रक्त हाय." साखरबाई उंबरा ओलांडून आत आली. "मला लई आधी कळलं हुतं. मी बोलले न्हाई. ह्याला बघ. हात लावून बघ."

 तुळजाबाई वळली. पोराला मांडीवर घेऊन तिनं दोन्ही पोटऱ्यांवरून हात फिरवला, परत फिरवला. साखरबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"नाक सोजरावर गेलंय," तुळजाबाई म्हणाली, आणि आपला पदर ओढून तिनं पोराचे पाय झाकले.