वायर धरायला

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मूळच्या नवी मुंबईतल्या पावणे गावच्या. टाकीत पाणी किती आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र त्या घरीच बनवतात, आणि आता सोसायटीच्या प्रत्येक विंगला ते हवंय. त्यातल्या बिस्किटाएवढ्या वाय-फाय बोर्डात प्रोग्रॅम भरताना एक वायर ग्राउंडच्या पिनला टेकवून धरावी लागते. काकूंचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दर रविवारी मला हाक येते, "ये गो, वायर धर. हालू नको हां!"

प्रोग्रॅम चढेपर्यंत काकू अख्ख्या बिल्डिंगच्या बातम्या सांगतात. निळा दिवा लुकलुकला की बोर्डालाच म्हणतात, "उठली गो बाय माजी!"

हात अवघडायला लागला, तेव्हा मी एक बटण आणून दिलं. "काकू, हे जोडा. दाबलं की झालं, धरायला कुणी नको."

"ब्येस हाय," म्हणत त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

पुढच्या रविवारी हाक आली नाही. मलाच चुकल्यासारखं झालं. शेवटी मी उठून गेले. त्यांच्या दारावर, बंद पडलेल्या बेलच्या जागी, माझं बटण बसवलेलं. मी ते दाबलं.

"कवाशी वाट बगते तुजी!" काकू आतून ओरडल्या. "बेल लावली ना आता तुज्यासाठी? मंग हाक कशाला मारू? ये, वायर धर."