समुद्रावर रागावलेली आत्या

दुःखाचा राग सगळ्यांनाच येतो. सुखाचा राग येणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे ताडकळसची माझी थोरली आत्या. संकट दारात आलं तर ती त्याला पाणी विचारील, बसायला सतरंजी टाकील. पण सुख आलं की कमरेवर हात ठेवून उभी राहील आणि कोणाकडं आलास, कशाला आलास, किती दिवस मुक्काम आहे, असा जाब विचारील. मे महिन्यात, पापडांनीसुद्धा सावली शोधावी अशा उन्हात, मुलानं तिला कूलर घेऊन दिला, तर तिनं त्याच्यावर जुनं लुगडं पांघरलं आणि त्याच्या पोटात लसणाच्या जुड्या ठेवल्या. गार वाऱ्यात झोपले तर सकाळी मला उठवणार कोण, असं वर विचारलं. आंबा गोड निघाला तर ती कोयीकडं डोळे वटारून बघायची. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर कंडक्टरवर संशय घ्यायची. चौतीस वर्षं तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली. निवृत्तीच्या दिवशी गावानं शाल-नारळ दिलं आणि एक वक्ते बाईंचा स्वभाव मुळात प्रेमळ आहे, एवढंच म्हणाले, तर तिनं त्यांना तिथंच थांबवलं आणि पुरावा मागितला.

तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, विजेच्या कामातला इंजिनियर. तो नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेला तेव्हा गावात निराळाच घोटाळा झाला. आमच्याकडं निजामाच्या काळापासून दरबान म्हणजे दारावरचा पहारेकरी. बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आत्याला गाठून मोठ्या कळवळ्यानं सांगितलं, की बाई, पोरगं एवढं शिकून दरबान झालं म्हणं, पण मनाला लावून घेऊ नका, इमानदारीचं काम हाय. आत्या तडक घरी गेली, जगाचा नकाशा काढला, चहाच्या हॉटेलाच्या भिंतीला टांगला, रसवंतीवाल्याकडून छडीऐवजी उसाचं कांडं घेतलं आणि भर बाजारात पाऊण तास भूगोल घेतला. डर्बन हे शहर आहे, समुद्राला लागून आहे, तिथली थंडी हाडं गोठवत नाही आणि उन्हाळा माणसं भाजत नाही, केळी पिकतात, ऊस पिकतो, लोक वाळूवर हवा खायला येतात, असं सगळं सांगितलं. शेवटी प्रश्न विचारले आणि उत्तरं न आलेल्या चार बागायतदारांना उभं केलं. त्या दिवसापासून डर्बनचं कौतुक हा गावाचा आवडता विषय झाला, आणि आत्याचा त्या शहरावर कायमचा राग बसला. तिच्याशिवाय चालणारं सुख, आणि तिच्याच मुलाला मिळालेलं. याहून मोठा अपराध तिच्या लेखी नव्हता.

मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ती एकटीच राहायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मोरीत पाय घसरून पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. दूधवाल्यानं दार ढकललं, तेव्हा तिनं जमिनीवरूनच त्याला उशिराबद्दल झापलं म्हणे. हाड मोडलं नव्हतं, पण तिकडं मुलाच्या काळजाचा ठोका चुकला. घर बंद कर आणि कायमची इकडंच ये, असा त्यानं धोशा लावला. मग आम्ही सगळे नातेवाईक तिला पटवायला एका रविवारी ताडकळसला जमलो.

त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. आमच्यापैकी डर्बन कोणीच पाहिलं नव्हतं. नुसता समुद्र पाहिलेले दोघं होते, तेही एका दिवसापुरते. पण वर्णन करताना कोणी मागं राहिलं नाही. माझ्या वडिलांनी तिथल्या हवेनं गुडघे मऊ होतात असं सांगितलं. माझी बायको म्हणाली, समुद्राच्या कडेनं मैलोगणती फिरायचा रस्ता आहे, त्यात एक खड्डा नाही. मी परभणीच्या एका कॉलेजात कारकून. मी तर ऑफिसातून रंगीत फोटो छापून नेले होते. निळं पाणी, पिवळी वाळू, ताडासारखी झाडं. आत्यानं फोटो एकेक करून पाहिले, गठ्ठा सरळ केला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"इतकं चांगलं हाय तर तुमी जावा," ती म्हणाली. "मी तुमच्या घरांना कुलपं लावते."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. ती पडली त्या दिवशी रजा टाकून, बस मिळेना म्हणून मोटारसायकलवर मी धावत आलो होतो. त्यानंतर दर दोन दिवसांनी येत होतो, आणि दर वेळी कशाला आलास म्हणून बोलणी खात होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोटो तिथंच जमिनीवर टाकले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मग परत पडलीस तर मला फोन करू नकोस, आत्या. मी येणार नाही."

ती आता फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. ती उठली, आत गेली, सगळ्यांना चहा केला. कपातली साखर सारखी होती, बशी पुसलेली होती. आठ दिवसांनी तिनं मुलाला तिकीट काढायला सांगितलं, तीन महिन्यांचं. जाताना सगळ्यांना फोन केला, मला केला नाही. मीही केला नाही. जाऊ दे, मी म्हटलं, खोटं काय बोललो? आणि पुढचे कित्येक दिवस मी घरात, ऑफिसात, रस्त्यावर सगळ्यांवर डाफरत फिरत होतो.

तिकडच्या गोष्टी मला आतेभावाकडून कळत गेल्या. पहिल्या सकाळी त्यानं तिला समुद्रावर नेलं. उभा जन्म उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी वापरलेली बाई त्या पाण्यापुढं उभी राहिली. मग मुलाला म्हणाली, "एवढं पाणी, आन घोटभर पिता येत न्हाई. ठेवलंय कशाला मग?" आणि पाठ फिरवून चालायला लागली. दिवसभर ती घुश्शात होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा उठून बघतो तर आत्या लुगड्याखाली सुनेचे बूट घालून दाराशी तयार. चल, अजून हाय का बघून येऊ, म्हणाली. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. आपण फिरायला जातो असं ती कधीच म्हणाली नाही. समुद्राकडं लक्ष ठेवायला जायची. फळ्या घेऊन लाटांवर उभं राहणाऱ्या तरुणांना ती काठावरून हात करून बाहेर बोलवायची. एकानं ओळख आहे समजून हात हलवला, तर परीक्षेच्या दिवसांत पोहायला गेलेल्या मुलाकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं पाहिलं. भल्या सकाळी फरसबंदीवरून धावणाऱ्या माणसांना ती, कोण मागं लागलंय, असं मराठीत विचारायची. वाळूवर उघड्या अंगानं ऊन खात पडलेल्या लोकांचा तर तिला संतापच यायचा. आमच्याकडं ऊन लागून माणसं मरायलेत आन हे मुद्दाम उन्हात पडायलेत, म्हणायची. आपल्याकडं उन्हात जाताना जवळ कांदा बाळगतात. एकदा तिनं झोपलेल्या एका धिप्पाड गोऱ्या माणसाच्या उशाशी पिशवीतला कांदा ठेवला आणि तो जागा होईपर्यंत छत्री धरून शेजारी उभी राहिली. तो जागा झाला, कांदा पाहिला, आत्याला पाहिलं, आणि मुकाट्यानं सदरा घालून निघून गेला.

तिथं पाण्यात लांबवर गेलेला एक धक्का आहे. त्यावर एक म्हातारी रोज गळ टाकून बसायची. सावळी, आपल्याकडच्या बायकांसारखीच, पण झगा घातलेली. आत्या माळकरी, मासे म्हटलं की नाकाला पदर. तरी तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसायची आणि तिच्याशी भांडायची. म्हातारीला आजीकडून ऐकलेली थोडी हिंदी येत होती, आत्याजवळ आपली मराठवाड्याची हिंदी होती. एवढ्या भांडवलावर पहिले आठ दिवस मासे मारावेत की नाही यावर वाद चालला. नवव्या दिवशी आत्यानं विचारलं, "तुमारा गाँव कौनसा?" म्हातारी म्हणाली, माहीत नाही. तिचे पणजोबा ऊसतोडीसाठी बोटीतून हिंदुस्थानातून आले होते, एवढंच घरात ठाऊक होतं. गावाचं नाव कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं सुचेपर्यंत सांगणारे उरले नाहीत.

आतेभाऊ सांगतो, आईला इतकी रागावलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हातारीवर रागावली, तिच्या बापावर, आज्यावर रागावली, बोटीवर रागावली. गाव विसरतंय का कोणी, गाव काय छत्री हाय का, असं घरी येऊन भांडी आपटत म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'ताडकळस' लिहिलं आणि ते म्हातारीच्या हातात दिलं. म्हणाली, "तुमारा मिलेगा तब मिलेगा. तबतक ये बोलो."

मग शाळा सुरू झाली. म्हातारी 'ताडकलस' म्हणायची. आत्या म्हणायची, ळ म्हण. चार दिवस त्या धक्क्यावर ळ चालला होता, मासे बिनधोक येत-जात होते. पाचव्या दिवशी ळ आला. म्हातारी आनंदानं रडायला लागली, आणि आत्यानं तिला, एवढ्याशा ळला चार दिवस लावतेत का, म्हणून झापलं.

ती परत आली तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. मी दोन रविवार टाळले, तिसऱ्या रविवारी बसमध्ये बसलो. ती तांदूळ निवडत होती. रंग उजळला होता, चालताना भिंतीला हात लावत नव्हती. मी म्हटलं, आत्या, त्या दिवशी मी रागाच्या भरात बोललो.

ती खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "बापू, मला मुंगीचासुद्धा राग येतो. तुझ्या बोलण्याचा आला न्हाई. आला असता तर बरं झालं असतं. नुसती बसून राहिले मी."

मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर खडे काढायला लागलो. थोड्या वेळानं तिनं मला, तांदूळ फेकायलास आन खडे ठेवायलास, म्हणून बोलायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

डर्बन कसं होतं, हे गावात कोणी विचारलं की ती भडकायची. बरं होतं असं तिच्या तोंडून निघालं नाही. पण सकाळ झाली की ओट्यावर येऊन पूर्वेकडं, पूर्णेच्या रस्त्याकडं अशी काही बघत बसायची, की समोरून एसटी गेली तरी मान वळायची नाही. एक दिवस ती ग्रामपंचायतीत गेली आणि धक्क्यावरच्या त्या बाईचा रहिवासी दाखला मागायला लागली. ग्रामसेवक तिचाच विद्यार्थी. तो आधी उभा राहिला, मग म्हणाला, बाई, इथं न राहिलेल्या माणसाचा दाखला नियमात बसत नाही. आत्यानं त्याला त्याच्याच खुर्चीसमोर अर्धा तास उभं ठेवलं, चौथीतल्या त्याच्या अक्षरापासून सगळं काढलं, पण तो बधला नाही. मी मधे पडलो. ते ऊसतोडीचे लोक बहुतेक मद्रास, कलकत्त्याकडून गेले, आपल्या भागाशी त्यांचा संबंध नाही, असं समजावून सांगायला गेलो. तर ती माझ्याकडं वळली. "संबंध न्हाई ते मलाबी कळतंय. मी तिला गाव दिलंय. दिलेलं काय परत घेऊ?"

अखेर ग्रामसेवकानं कोऱ्या कागदावर, शिक्का न मारता, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की सदर बाई आमच्या गावच्या माहेरवाशीण आहेत, त्या केव्हाही आल्या तर त्यांचं घर म्हणून आम्ही आमच्या शाळेच्या बाईंचं घर दाखवू. आत्यानं दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. पोस्टानं पाठवून देतो, मी म्हटलं. असला कागद पोस्टानं पाठवतेत का, म्हणून ती माझ्या अंगावर धावून आली. हातात नेऊन द्यावा लागतो, स्वतः जावं लागतं, मग किती का महिने लागेनात. ग्रामसेवकानं आणि मी एकमेकांकडं बघितलं. त्याच संध्याकाळी मुलाला तिकिटासाठी फोन गेला. या वेळी परतीचं काढायचं का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, एवढ्या लवकर विचारू नको.

तिला डर्बनला जाऊन आता वर्ष होत आलं. सकाळी साडेनवाच्या सुमारास तिचा फोन येतो. तिकडं तेव्हा सहा वाजलेले असतात आणि ती धक्क्यावर असते. लाटा वेळेवर येत नाहीत, वारा पदर धरू देत नाही, म्हातारीनं आज पुन्हा मासा धरला, असं दहा मिनिटं चालतं. मी हूं हूं करत डबा भरतो.

परवा मी ऑफिसला निघालो होतो, एका पायात चप्पल घातली होती, तेवढ्यात फोन आला. ती बोलेना. मागं पाण्याचा आवाज येत होता, लांबून येऊन जवळ फुटणारा, पुन्हा मागं सरणारा. मी घाबरून विचारलं, "आत्या, बरी आहेस ना?"

आता बोलणी सुरू होतील, असं मला वाटलं.

"बरी हाय रे," ती म्हणाली. इतकंच.

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं फोन ठेवला तरी मी दारातच उभा होतो. ताडकळस पाऊण तासावर होतं तेव्हा ती रोज हातभर अंतरावर असायची. ती किती लांब गेलीय, हे मला त्या सकाळी कळलं. बायकोनं आतून विचारलं, काय म्हणाल्या? मी दुसरी चप्पल शोधत म्हणालो, काही नाही, मजेत आहे.