तीन तासांवरचं माहेर

जालन्यात माझं तिकिटांचं दुकान आहे, एमआयडीसीच्या रस्त्याला. तिकिटं जातात कमी अन् किस्से जमतात जास्त! मी चिडका माणूस, तरी लोकं मलाच विचारायला येतात.

लोखंडाच्या मिलमधला एक बिहारी गडी रोज ड्युटी सुटली की यायचा. “भैया, दरभंगा विमानानं किती टाइम?” मी म्हणायचो, “सरळ उडालं तर दोन तास.” तो डोळे मिटून “बस्स!” म्हणायचा अन् खूश होऊन चालता व्हायचा. दिवाळीला आला तेव्हा तिकीट काढलं ते रेल्वेचं!

पण खरं गिऱ्हाईक म्हणजे आष्टीच्या शेवंताकाकू. थोरली लेक सुमन तिकडं आसामात, दिब्रुगडला. जावई चहाच्या मळ्यात नोकरीला. काकू बाजाराला आल्या की दुकानात हजर. “भाऊ, आपल्या संभाजीनगरहून सुमीचं विमानतळ किती लांब?” मी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, “सरळ रेषेत तीन तास.”

“आग्गं बाई! धाकटी पुण्याला, तिच्याकडं जायला दिवस जातो. म्हणजे थोरलीच जवळ की!”

मी वैतागून म्हणालो, “काकू, सरळ विमानच न्हाई. मधी दोनदा बदलावं लागतं. मुक्काम पडतो.”

“ते तुमच्या विमानाचं झालं. मी अंतराचं विचारून राह्यले!”

एकदा फडक्यात बांधलेला डबा घेऊन आल्या. आमच्याकडं, शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतात, पोरगं स्टँडवर येऊन घेऊन जातं. काकू म्हणाल्या, “विमानाच्या डायवरजवळ द्या. तीन तासांत धपाटे नरम राहतेत.” माझा भागीदार बबन खुर्चीवरून पडायचा बाकी होता! जमत न्हाई म्हटल्यावर काकूंचा चेहरा एवढासा झाला. “मंग तुम्हीच खा,” म्हणाल्या. लई चवदार होते धपाटे, पण खाताना लाज वाटली.

मग सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. काकूंनी खोली सारवून, डिंक-मेथी आणून तयारी केलेली. अन् तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, प्रवास बिलकुल करायचा न्हाई. काकू दुकानात येऊन ढसाढसा रडल्या. डोळे पुसले अन् म्हणाल्या, “माझंच तिकीट काढा.”

कधी परभणीच्या पुढं न गेलेली बाई एकटी गेली. नात झाली. सव्वा महिना राहून काकू परत निघाल्या, तेव्हा सुमनचा मला फोन. “दादा, आई निघाली. मी गळ्यात पडून रडले, तर म्हणते, ‘रडती कशाला? तीन तासांवर तर हाय तुझं माहेर.’”

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू दुकानात आल्या. पाय सुजलेले, डोळे तांबारलेले, रात्र कुठल्याशा विमानतळावर खुर्चीत काढलेली. बबननं पाणी दिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुमनच.

“दादा, आई पोचली का? किती वेळ लागला तिला?”

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी तीन बोटं वर केली.

“पोचल्या, ताई. तीन तासांत!”

पलीकडं बाळ रडत होतं.

“वाटलंच मला,” सुमन म्हणाली. “जवळच तर आहे.”