तारवाल्याचं नवं चाक

माहेरचं माणूस दिसलं की सासुरवाशिणीला कोण आनंद होतो! माझ्या नशिबात ते सुख नव्हतं. माझा बापूस घाटीच्या पायथ्याशी दिसला की अख्ख्या वाडीचा जीव टांगणीला लागायचा. बायका आधी त्याच्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे, जसा काही मीच त्याला सांगावा धाडलाय! कारण माझा बापूस म्हणजे रावजी तारवाला. रत्नागिरीच्या तारऑफिसातला शिपाई. भाट्याच्या खाडीपलीकडे, पावसपर्यंत ज्या ज्या वाड्या, त्यांच्या तारा वाटायचं काम त्याचं. आणि त्यातल्याच एका वाडीत, घाटीच्या माथ्यावर, त्याने मला दिलेली.

ही सन तीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, कोणी मिलमध्ये, कोणी गोदीत. खुशालीचे कागद येत राहायचे, पण तार आली म्हणजे संपलंच, असं समजून चालायचं. तार इंग्रजीत, वाडीत वाचणारा कोणी नाही. म्हणून तारऑफिसातले मास्तर पाकीट चिकटवायच्या आधी मजकूर मराठीत आबाला सांगून ठेवायचे. आबा म्हणायचे मी बापसाला. म्हणजे कोणाच्या घरात आज काय होणार, हे खाडी ओलांडतानाच त्याला ठाऊक असायचं. होडीत सायकल धरून बसलेला आबा गप्प असला की होडीवालाही बोलायचा नाही.

दारात जाऊन एकदम तोंडावर वाईट बातमी टाकणं त्याच्या जिवाला मानवेना. मग त्याने आपली एक रीत पाडली. तार चांगली असली, कोणाला मुलगा झाला, कोणी आगबोटीने येतोय, की सायकलवर बसून घंटा वाजवत घाटी चढायचा. वाईट असली की पायथ्याशी उतरायचा आणि सायकल हाताने ढकलत, सावकाश चालत यायचा. आमची घाटी लांबलचक, कातळातून वळत वळत वर येणारी. वरून सगळी दिसते. तो चालत येताना दिसला की बायका हातातलं टाकून एकमेकींच्या अंगणात गोळा व्हायच्या. घर कोणाचं ते कोणालाच माहीत नसायचं. पण तो ज्या दारात थांबेल, तिथल्या बाईला धरायला चार हात तयार असायचे. हे कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण पोरासोरांनाही माहीत होतं.

आता त्या सायकलीचं सांगते. ती माझ्या जन्माच्या आसपासची. मागचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेली. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. चढाला सगळा भार गुडघ्यांवर, आणि उताराला पायडल असं गरगरायचं की पाय फाकवून बसावं लागे. पण आबाला तिचा कोण अभिमान! दर रविवारी साखळी काढून पुसायचा, तेल घालायचा, आणि आई ओरडायची, “माझ्या डोक्याला कधी इतका तेल नाय घातलात!” लहानपणी मला पुढच्या दांडीवर बसवून तो मिरकरवाड्याला बांगडे आणायला न्यायचा. येताना माशांची पिशवी माझ्या मांडीवर, मागून त्याच्या पायांची एकसारखी लय आणि वर त्याची बडबड. आजही बांगड्याचा वास आला की मी त्या दांडीवर जाऊन बसते. म्हातारी झाले, पण त्या दांडीवरून काही उतरले नाही बघा.

शहरात बाळा मिस्त्री म्हणून एक सायकल दुरुस्त करणारा होता. जिभेला हाड नाही, पण हात सोन्याचा. आबाचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून तो त्याच्या मागे लागलेला. “रावजी, मुंबईहून नवीन चाक आलाय. आत तीन वेग. दांडीवरचा खटका ओढलास की चढाला पाय हलके पडतात. आणि उताराला पाय थांबवून आरामात बस, चाक आपलं आपलं पळतंय.”

“पाय थांबवले तरी चाक पळतंय?” आबा म्हणायचा. “बैल उभा आणि गाडी पळतेय, असा कुठे असतो काय? पाय थांबले की चाक थांबला पाहिजे. ती खरी सायकल.”

“मग चढ घाटी त्या खऱ्या सायकलीवरून! तिथेच मरशील एक दिवस, आणि तुझी तार कोण वाटेल?”

हे ऐकून आबा हसायचा, पण चाक काही घ्यायचा नाही. मीही सांगून थकले. आमच्या घराण्यात हट्टीपणा पिढीजात, मी काय वेगळी आहे म्हणा.

त्या वर्षी शिमगा तोंडावर आला होता. ऊन नुसतं भाजून काढत होतं. दुपार कलली होती, मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. तेवढ्यात शेजारची मथुरा ओरडली, “तुळसा, तुझा बापूस!”

मी बघितलं. घाटीच्या पहिल्या वळणावर आबा. खाली उतरलेला. सायकल ढकलत, पाय ओढत, मान खाली.

मथुराचा नवरा रघू मुंबईला मिलमध्ये होता. पंधरवडाभर त्याचा कागद नव्हता, आणि मिलमध्ये एकाला अपघात झाल्याचं कोणीतरी सांगून गेलेलं. एवढं पुरे झालं. ती पोर भुताने झपाटल्यासारखी किंचाळली आणि तिने दाराच्या चौकटीवर दोन्ही हात आपटले. हिरवा चुडा फुटून काचा अंगणभर झाल्या. मनगटातून रक्त आलं. सोनूबाई, आमच्या वाडीतली सगळ्यांत जाणती, सगळ्यांचं बाळंतपण आणि सगळ्यांचं मरण बघितलेली बाई, धावत आली आणि तिला मिठीत घेऊन तिनेच पदराने तिचं कुंकू पुसलं. सगळी वाडी रडायला लागली. मीही. माझा बाप अजून अर्ध्या घाटीतच होता.

तो अंगणात पोचला तेव्हा त्याला शब्द फुटेना, इतका दम लागलेला. सगळा गोंधळ बघून तो भांबावला. मग ओरडला, “अगो, काय झाला? येतोय रघू! शिमग्याला येतोय! कायम झालाय मिलमध्ये, म्हणून हौसेने तार केलीय!”

कोणाला खरं वाटेना. “मग चालत का आलास?” सोनूबाई म्हणाली.

“गुडघा,” आबा म्हणाला. “पहिल्या वळणावर गुडघा धरला. चढेचना.”

मग सोनूबाई जी सुटली म्हणता! “जित्या माणसाच्या बायकोचा चुडा फोडायला लावलास रे मेल्या! माझ्या हातानं कुंकू पुसून घेतलास! गुडघा मोडला तर घरी बस, नायतर दुसऱ्याला पाठव. आमच्या जिवाशी कशाला खेळतंस?” तिने देव्हाऱ्यातलं कुंकू आणून मथुराच्या कपाळावर असं दाबून लावलं की पोर कळवळली. दुसऱ्याच दिवशी कासाराला बोलावून नवा चुडा भरला, देवाला नारळ दिला. रघू आला, धडधाकट, नवा कोट घालून. पण मथुराच्या मनातली पाल काही गेली नाही. तो घरी होता तितके दिवस ती रात्रीअपरात्री उठून नवरा श्वास घेतोय ना, ते बघायची. हसू नका. तुम्ही असता तर तुम्हीही बघितलं असतंत.

आबा त्या दिवशी माझ्या ओटीवर पाणीसुद्धा न पिता बसून राहिला. चांगली तार आणली आणि शिव्या खाऊन बसलाय! मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला.

“आबा, चाक घेणार आहेस की नाही?”

“नोकरी सोडतो,” तो म्हणाला. “बाळ्याच्या चाकापायी सायकल बाटवायची नाय मला.”

“सायकल बाटते! अरे, माणसांचा जीव जातोय आणि तुला सायकल सोवळ्यात ठेवायचीय! आणि नोकरी सोडलीस तर दुसरा येईल तो काय करील? दारात येऊन घंटा बडवील, पाकीट हातात देईल आणि जाईल. चालत येईल कोण?”

गुडघा चोळत तो म्हणाला, “चांगल्या तारेला बसून यायला हवं, नायतर चालत यायला अर्थच नाय.” मग उठला, सायकल ढकलत घाटी उतरून गेला. त्या दिवशी उतारालाही तो बसला नाही.

ते चाक बसवायला आबाने बाळा मिस्त्रीच्या दुकानात दिवसभर ठाण मांडलं. बाळा पुढे कितीदा मला सांगायचा, “तुझा बापूस असा बघत होता, जसा काय मी त्याच्या म्हशीचं पोट फाडतोय!” जुनं चाक त्याने गोणपाटात गुंडाळून घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं. नव्या चाकाची कटकट त्याला आवडेना. पाय थांबवले की मागून टिकटिक व्हायची. “मागे कोण आलाय असा वाटतो,” म्हणायचा, आणि सवयीने पाय थांबवून सायकल थांबवायला जायचा. पहिल्या आठवड्यात भाट्याच्या उतारावर एकदा थेट करवंदीच्या जाळीत. आईने काटे काढता काढता त्याची आणि चाकाची दोघांची आई-माई उद्धरली.

पण पहिली चांगली तार घेऊन तो आमच्या घाटीवर आला ना, तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या वळणावर त्याने खटका ओढला. पाय भराभर फिरताहेत, सायकल गोगलगायीसारखी, पण चढतेय! बसूनच चढतेय! घंटा तर अशी बडवली की कुत्री भुंकायला लागली. मथुरा हसत सुटली, सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभी. “आलास ना शहाणपणावर!” म्हणाली, आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कोणाला तरी मुलगी झाल्याची तार होती, पण वाडीने दसऱ्यासारखा दिवस साजरा केला.

पुढची काही वर्षं बरी गेली. घंटा वाजली की आम्ही दारात यायचो, आबा बसून यायचा. चालत यायचा तेही झालं, कसं होणार नाही, पण तेव्हा चुकून कोणाचं कुंकू पुसलं गेलं नाही. हळूहळू सगळ्यांना कळून चुकलं होतं की ती सायकल आता कुठलीही घाटी चढते.

मग एका श्रावणात, उघडीप पडलेली असताना, आबा पायथ्याशी उतरला. मी चुलीवरून भात उतरवत होते, ते तसंच टाकून बाहेर आले. घाटी चिखलाने लाल झालेली, घसरडी. आबा तेव्हा पार म्हातारा झाला होता. दर वळणावर थांबायचा, सायकलीला टेकायचा, गुडघा चोळायचा, पुन्हा चालायचा. खटका हाताशी होता, पण त्याने सायकलीवर टांग टाकली नाही. वाडी गोळा झाली. ज्याच्या त्याच्या मनात आपलंच घर. आबा मथुराच्या दारावरून पुढे गेला, माझ्या दारावरून पुढे गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. तो सोनूबाईच्या अंगणात थांबला.

सोनूबाईचा एकुलता एक मुलगा रामा मुंबईला गोदीत होता. जहाजावरून माल उतरवताना पडला, आणि गेला.

आम्ही बायका तिच्याभोवती उभ्या राहिलो होतो. मी तिचा एक हात धरला होता, मथुराने दुसरा. आबाने खिशातून पाकीट काढलं, पण त्याचा हात पुढे होईना. तो नुसताच उभा राहिला, चिखलाने भरलेला, धापा टाकत. सोनूबाईने पाकिटाकडे बघितलंच नाही. ती आबाच्या गुडघ्यांकडे बघत होती.

“एवढी घाटी चालत आलास,” ती म्हणाली. “सायकल होती ना रे तुला.”

आबा रडायला लागला. इतकी वर्षं तारा वाटल्या, पण त्याला रडताना मी तेव्हाच बघितलं. सोनूबाईने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि ओटीवर पाट मांडला.

“बस आधी,” ती म्हणाली. “तुळसा, बापसाला पाणी दे गो. मग सांग म्हणावं.”