बिनकूलरचा कारखाना

नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय काम करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर चंद्रभान रामटेके. लकडगंजात माझं दारं-चौकटींचं दुकान आहे, त्याला लागूनच याची खोली. जुन्या घरांतून निघालेल्या सागवानातून हा हातानं इलेक्ट्रिक गिटारी घडवतो. कूलरची दमट हवा लागली की गिटारीची कोरी दांडी फुगते, वाकते. म्हणून खोलीत कूलरच नाही. माणूस भाजून निघाला तरी चालेल, लाकूड सुखात राहिलं पाहिजे, असा याचा कारभार.

यंदा मात्र तो पार थकला होता. दोन हात रंधा मारला की बसायचा. एकदा उन्हानं चक्कर येऊन पडलाही. डॉक्टरांनी दुपारचं काम बंद करायला सांगितलं. पण गाण्याच्या पार्टीतल्या प्रशिकला बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाआधी गिटार द्यायचा शब्द दिलेला. एवढी दांडी झाली की सुटलो, म्हणायचा. मी शिव्या घातल्या, लिंबूपाणी पाजलं. ऐकेल तर शपथ.

परवा त्याची बायको जयवंताबाई डबा घेऊन आल्या. हा दांडी बाकावर तशीच टाकून भिंतीला टेकून झोपलेला, तोंड लालभडक. त्या तडक माझ्या दुकानात आल्या, माझा कूलर उचलायला लावला आणि पाणी भरून त्याच्या खोलीत चालू केला.

मी म्हटलं, "वहिनी, लाकूड जाईल."

"मले माहीत आहे, भाऊ. जाऊ द्या."

तो उठला तेव्हा उन्हं उतरली होती. त्यानं दांडी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेनं पाहिलं. वाकली होती, मला दारातूनही दिसलं. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी तिथेच थांबलो. त्यानं प्रशिकला फोन लावला आणि म्हणाला, "माह्या हातून बिघडली गा. तू बाजारातली घेऊन घे."

जयवंताबाईंना रडू फुटलं. माहीत असून मीच लावला, मला काही बोला तरी, असं त्या म्हणत राहिल्या.

चंद्रभाननं खुर्ची ओढून कूलरपुढे घेतली.

"काहून बोलू? बहुत दिवसानं झोप लागली वं," तो म्हणाला. "दुसरी दांडी आता माह्याच्यानं होत नाही. उद्याबी लावजो."